ओईच्या रकान्यात मानवशास्त्र : कोकणातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरताना मुख्य विषय कोणता घ्यायचा हे बहुतेकांचे घरूनच ठरून आलेले असते. अडखळायला होते ते त्याखालच्या रकान्यांत. ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरे एकाखाली एक मांडलेली असतात, मागे रांग वाढत असते, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि खिडकीपलीकडून 'कुठलाही टाक, सगळे सारखेच' असा सल्ला मिळतो. मग पुढच्या मित्राने जे लिहिले तेच आपण लिहितो. हा लेख त्यांपैकी एकाच रकान्यापुरता, म्हणजे ओई अर्थात खुल्या वैकल्पिक विषयापुरता आहे. आणि त्यातही ज्यांना त्या रकान्यात मानवशास्त्र, म्हणजे माणसाच्या शरीराचा, समाजाचा आणि संस्कृतीचा अभ्यास, बसवून पाहायचे आहे त्यांच्यापुरता. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये मी डोळ्यांसमोर ठेवली आहेत. स्वायत्त महाविद्यालयांच्या विषययाद्या वेगळ्या असतात, पण त्या वाचण्याची रीत तीच आहे.

प्रथम हा रकाना आला कोठून ते समजून घ्यावे, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा आग्रह असा, की वाणिज्य शिकणाऱ्याला थोडे समाजाचे आणि इतिहास शिकणाऱ्याला थोडे विज्ञानाचे भान असावे. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने त्यासाठी श्रेयांकांची चौकट घालून दिली आणि १३ मार्च २०२४ रोजी तिच्यात सुधारणा केली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या चौकटीत खुल्या वैकल्पिक विषयांना एकूण १० ते १२ श्रेयांक दिलेले असून ते पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत मिळवायचे असतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात वर्गातील पंधरा तास. तेव्हा दोन श्रेयांकांची पत्रिका (पेपर) म्हणजे तीस तास, आठवड्याला साधारण दोन. एवढ्या वेळात कोणी मानवशास्त्रज्ञ होत नाही. मात्र आपल्या गावाकडे पाहण्याची एक नवी रीत हाती लागू शकते, आणि कोकणातील विद्यार्थ्यापाशी ती वापरून पाहण्यासाठी लागणारे सगळे साहित्य घराच्या अंगणापासून समुद्रापर्यंत पसरलेले असते.

पहिली पायरी : विद्याशाखा तपासणे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबू. खुला वैकल्पिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्याशाखा चार आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मानवशास्त्राची गंमत अशी, की ते यांपैकी कोणत्या घरचे हे विद्यापीठागणिक बदलते. दिल्ली विद्यापीठात ते विज्ञान शाखेत शिकवतात आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही मानवशास्त्रात बी.एस्सी. देते. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात मात्र सामाजिक मानवशास्त्राच्या अंगाने जाणाऱ्या पत्रिका बहुधा समाजशास्त्र विभागाकडे, म्हणजे मानव्यविद्या शाखेत असतात.

याला इतिहास आहे, आणि तो कोकणाशी जोडलेला आहे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि १९२४ मध्ये त्याची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मले. केंब्रिजमध्ये त्यांनी विल्यम रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञाकडे संशोधन सुरू केले आणि १९२२ मध्ये रिव्हर्स वारल्यावर आल्फ्रेड हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली ते पुरे केले. म्हणजे मुंबईच्या समाजशास्त्राची घडण ज्या हातांनी झाली ते हात मानवशास्त्रात तयार झालेले होते, आणि तेथे या दोन विषयांत पक्की भिंत कधी उभीच राहिली नाही. म्हणून विषययादीत 'मानवशास्त्र' हा शब्द दिसला नाही तर एवढ्यावरून निराश होऊ नये. समाजशास्त्राच्या यादीत तो दुसऱ्या नावाने बसलेला असू शकतो.

आता नियमाचा परिणाम पाहावा. बी.कॉम., बी.एस्सी., माहिती तंत्रज्ञान किंवा मत्स्यविज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला समाजशास्त्र विभागाची ही पत्रिका ओई म्हणून सहज घेता येते. ज्याने मुख्य विषय इतिहास, मराठी किंवा समाजशास्त्र घेतला आहे, त्याला मात्र तीच पत्रिका ओई म्हणून चालत नाही, कारण ती त्याच्याच शाखेची ठरते. ज्याला सर्वांत जास्त गोडी असण्याचा संभव, त्याच्याच वाटेत हे कुंपण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीने कला शाखेत असूनही स्वतःच्याच शाखेची पत्रिका ओईच्या रकान्यात लिहिली होती. अर्ज स्वीकारला गेला, तासही झाले, आणि परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी संगणकाने तो विषय नाकारला. सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला दुसरा विषय मुळापासून वाचावा लागला. तिच्या महाविद्यालयातील कोणालाही ही चूक आधी दिसली नव्हती.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी म्हणून दुसऱ्या वाटा पाहाव्यात. समाजशास्त्र हा गौण विषय, म्हणजे मायनर, म्हणून घेता येतो का ते विचारावे. याच चौकटीत क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांनाही स्वतंत्र श्रेयांक आहेत, आणि मानवशास्त्राची खरी शाळा तेथेच भरते. आपल्या विद्यापीठात जैविक मानवशास्त्राची पत्रिका विज्ञान शाखेकडून दिली जात असेल, तर ती मात्र कला आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ओई म्हणून मोकळी असते.

दुसरी पायरी : शीर्षक बाजूला ठेवून अभ्यासक्रम वाचणे

विषययादीवरील शीर्षके फसवी असतात. 'भारतीय संस्कृती' या नावाखाली कोठे सणांची यादी शिकवली जाते, तर कोठे विवाह, नातेसंबंध आणि विधी यांचे उत्तम विवेचन असते. 'आदिवासी समाज', 'लोकसंस्कृती', 'कुटुंब आणि विवाह', 'धर्म आणि समाज', 'पुरातत्त्वाची ओळख', 'समाजशास्त्राची तोंडओळख' या सर्व नावांखाली मानवशास्त्र असू शकते, किंवा त्याचा मागमूसही नसू शकतो. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या पत्रिकेचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. तो तीन-चार पानांचा असतो. त्यात उद्दिष्टांचा परिच्छेद सोडून द्यावा, कारण सगळ्यांची उद्दिष्टे सारखीच उदात्त असतात. थेट घटकांकडे आणि शेवटच्या वाचनयादीकडे जावे.

घटकांत क्षेत्रकार्य (लोकांमध्ये प्रत्यक्ष जाऊन केलेला अभ्यास), सहभागी निरीक्षण (त्यांच्यात वावरून पाहणे), नातेव्यवस्था, विधी, देवाणघेवाण, सांस्कृतिक सापेक्षता यांपैकी दोन-तीन शब्द दिसले तर ती पत्रिका मानवशास्त्राची आहे, मग तिचे नाव काहीही असो. योजना, आयोग, कायदे आणि आकडेवारी एवढेच दिसले, तर ती समाजकल्याणाची किंवा प्रशासनाची पत्रिका आहे. वाईट नव्हे, पण वेगळी. वाचनयादीत एका तरी समाजात प्रत्यक्ष राहून लिहिलेला ग्रंथ असावा. नुसती मार्गदर्शके असतील तर तासही तसेच होतील असे समजून चालावे.

तिसरी पायरी : आपल्याला कोणती शाखा हवी

मानवशास्त्राच्या चार शाखा सांगितल्या जातात : जैविक, पुरातत्त्वीय, भाषिक आणि सामाजिक-सांस्कृतिक. पहिल्या तिन्हींविषयी थोडक्यात सांगतो आणि चौथीवर थोडा रेंगाळतो, कारण कोकणात ओई म्हणून हाती लागण्याचा संभव तिचाच अधिक.

जैविक मानवशास्त्रात मानवाची उत्क्रांती, वानरकुळाशी असलेले नाते, आनुवंशिकता आणि मानवी विविधता हे विषय येतात. बारावीला जीवशास्त्र नसले तरी प्रास्ताविक पत्रिका झेपते. फक्त प्रात्यक्षिक आहे का ते पाहावे, कारण प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला पंधराऐवजी तीस तास द्यावे लागतात. पुरातत्त्वाकडे कल असणाऱ्यांना तर कोकण म्हणजे उघडे पुस्तक आहे. राजापूर तालुक्यातील बारसू, देवाचे गोठणे आणि देवीहसोळ, रत्नागिरीजवळचे उक्षी, मालवण तालुक्यातील कुडोपी येथील सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची आकृती तर इतकी मोठी आहे, की तिच्याशेजारी उभे राहून ती एका नजरेत भरत नाही, आणि तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि नवख्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखे नेमके तेच आहे : सेंद्रिय अवशेष हाती नसताना उघड्या खडकावरील रेषेचे वय ठरवायचे कसे?

भाषिक मानवशास्त्राची स्वतंत्र पत्रिका पदवीला क्वचितच मिळते. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, दालदी एवढ्या बोली एका किनाऱ्यावर नांदत असताना ती नसावी ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे, पण रकाना भरताना हळहळ उपयोगी पडत नाही. सामाजिक मानवशास्त्राच्या पत्रिकेत भाषेवर एखादा घटक असेल तर त्यावर समाधान मानावे.

सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्रात नवख्याला सर्वांत कोरडा वाटणारा घटक नातेव्यवस्थेचा असतो. वंशावळीचे तक्ते, त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, दोन आडव्या रेषा म्हणजे विवाह, चिन्हावर तिरकी रेघ म्हणजे व्यक्ती हयात नाही. हे पाहून पुष्कळजण पत्रिका बदलण्याचा विचार करतात. त्यांनी आधी एक करावे. आपल्या घरातील चार पिढ्यांचा तक्ता आजीशेजारी बसून काढावा. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ यांना मराठीत चार वेगळे शब्द का आहेत, हा प्रश्न तक्ता अर्धा झाला की आपोआप समोर येतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह चालत आला, चुलतबहिणीशी कधीच नाही. जेथे विवाहाचा नियम बदलतो तेथे भाषेला वेगळा शब्द लागतो. इरावती कर्वे यांनी भारताचे नातेव्यवस्थेनुसार चार विभाग पाडले आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या विभागात ठेवले, त्यामागे असाच तपशील होता. त्यांनी १९२८ साली घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला होता. त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरुडचे. वंशावळीवरून समाज समजून घेण्याची पद्धत बसवली ती ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या १८९८ च्या मोहिमेवर गेलेल्या रिव्हर्स यांनी, म्हणजे घुर्ये यांच्याच गुरूंनी. मालवणच्या एखाद्या माजघरात आज कोणी असा तक्ता काढतो तेव्हा ती पद्धत लांबचा फेरा घेऊन घरी आलेली असते.

दुसरा समृद्ध घटक अर्थव्यवहाराचा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी हाच घटक असलेली पत्रिका घ्यायला सांगतो, कारण त्यांना तुलनेसाठी स्वतःचा विषय हाताशी असतो. बी.कॉम.च्या एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी रापणीच्या, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, वाट्यांवर दहा पाने लिहिली होती. पहाटे दोर ओढून झाल्यावर जाळे वाळूत उघडले, मासळी निवडली गेली आणि ढीग लागले. त्याने प्रत्येक ढीग कोणाचा हे लिहून काढले. ओढणाऱ्यांचे वाटे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा एवढे त्याला भागीदारीच्या हिशोबात बसवता आले. एक ढीग मात्र बसेना. तो ज्या म्हाताऱ्याचा होता त्याने दोन वर्षे दोराला हात लावला नव्हता, तो नुसता पाण्याकडे बघत बसलेला होता. विचारल्यावर उत्तर आले, 'तो रापणीचो माणूस. तेचो वाटो असतलोच.' मुलाने हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि पुढे स्वतःचा प्रश्न मांडला, की १९३२ च्या भागीदारी कायद्याने पाहिले तर हा माणूस कोण? भागीदार, निवृत्त भागीदार की कोणीच नाही? त्याला उत्तर सापडले नाही आणि मी त्याचे गुण कापले नाहीत. वाट्याचा हिशोब श्रमावर होतो की सभासदत्वावर, हा मानवशास्त्राने जगभर विचारलेला प्रश्न त्याला किनाऱ्यावर उकिडवे बसून सापडला होता.

चौथी पायरी : वेळापत्रक आणि मूल्यमापन

ही बाब माहितीपत्रकात नसते, पण खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष तिच्यावर तरते किंवा बुडते. ओईच्या तासाला तीन शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात, त्यामुळे तो सर्वांना सोयीच्या वेळी, म्हणजे बहुधा कोणालाच सोयीच्या नसलेल्या वेळी ठेवला जातो : अगदी सकाळी, नाहीतर दुपारनंतर शेवटचा. आपली एस.टी. किती वाजता पोहोचते आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. उत्तम अभ्यासक्रम असूनही गाडीमुळे निम्मे तास बुडणार असतील, तर ती पत्रिका पुढच्या सत्रासाठी ठेवावी; ओईचे श्रेयांक एका सत्रात संपत नाहीत.

त्यानंतर मूल्यमापनाची फोड पाहावी. लेखी परीक्षेला किती गुण आहेत, अंतर्गत कामाला किती, आणि अंतर्गत काम म्हणजे वर्गातील छोटी चाचणी की क्षेत्रकार्याचा अहवाल, हे संबंधित शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. शिक्षक 'अहवाल स्वतः लिहावा लागेल' म्हणाले तर घाबरू नये, ती पत्रिका आवर्जून घ्यावी. तीस तासांच्या व्याख्यानांपेक्षा पाच पानांच्या स्वतःच्या अहवालातून हा विषय अधिक कळतो असे माझे मत आहे. उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते का, हेही याच भेटीत विचारून घ्यावे.

स्पर्धा परीक्षांचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, त्याच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि त्यासाठी अनेकजण हा विषय निवडतात. दोन श्रेयांकांची ओई म्हणजे ती तयारी नव्हे. विषय आपल्याला आवडतो का हे स्वस्तात कळण्याची ती एक संधी आहे.

पाचवी पायरी : महाविद्यालयात पत्रिका नसेल तर

कोकणातील लहान महाविद्यालयांत पुष्कळदा दोन-तीनच ओई उपलब्ध असतात आणि त्यांत मानवशास्त्राचा गंधही नसतो. अशा वेळी स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम पाहावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घेण्यास विद्यापीठे परवानगी देऊ शकतात. 'देऊ शकतात' हे शब्द अधोरेखित करावेत. शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सावंतवाडी किंवा गुहागरच्या विद्यार्थ्याने नोंदणी करण्यापूर्वी जवळचे केंद्र कोणत्या शहरात आहे हे पाहिले नाही, तर परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च अंगावर येतो.

क्रम असा ठेवावा. अभ्यासक्रम निवडावा, त्याचा आठवडावार आराखडा छापून घ्यावा, तो घेऊन महाविद्यालयातील समन्वयकांकडे जावे, आणि हा अभ्यासक्रम ओईच्या इतक्या श्रेयांकांसाठी ग्राह्य धरला जाईल असे लेखी घेऊन मगच नोंदणी करावी. तोंडी होकारावर कोणी अडकले, तर सत्राअखेर 'असे कोण म्हणाले' याचे उत्तर देणारे कोणी उरत नाही.

श्रेयांकांची मान्यता मिळाली नाही तरी वाचनसामग्री कोणी अडवत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानवशास्त्राच्या अभ्यासपुस्तिका ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर आणि पदव्युत्तर पातळीवरची टिपणे ई-पीजी पाठशालेवर विनामूल्य आहेत. भाषा इंग्रजी असते, पण प्रास्ताविक प्रकरणांची इंग्रजी अवघड नाही.

ज्यांची भावंडे अमेरिकेत पदवीसाठी गेली आहेत, त्यांच्याकडून 'जनरल एज्युकेशन' हा शब्द ऐकू येतो. कल्पना आपल्या ओईच्या जवळची आहे, रकाने मात्र वेगळे. तेथे मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या परंपरेतून आलेली चार शाखांची मांडणी विभागांत रुळलेली असल्याने एकाच मानवशास्त्र विभागाच्या वेगवेगळ्या पत्रिका वेगवेगळ्या अटी पुऱ्या करतात : प्रयोगशाळेसह जैविक मानवशास्त्र अनेक विद्यापीठांत निसर्गविज्ञानाच्या अटीत धरले जाते, तर सांस्कृतिक मानवशास्त्र समाजविज्ञानाच्या किंवा सांस्कृतिक विविधतेच्या अटीत. तेथे जाणाऱ्याने पत्रिकेच्या नावाशेजारचे अटीचे चिन्ह पाहावे, येथे राहणाऱ्याने विद्याशाखा पाहावी.

सहावी पायरी : क्षेत्रकार्याचे नियोजन

पत्रिकेत अहवाल असेल तर विषय पहिल्याच महिन्यात ठरवावा आणि तो पंचांग पाहून ठरवावा. पहिल्या सत्रात गणपती येतात. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, एरवी फोनवर असलेली तीन पिढ्यांची माणसे एका पडवीत सापडतात. नातेव्यवस्था आणि स्थलांतर यांवर लिहिणाऱ्याला वर्षभरात पुन्हा असा आठवडा मिळत नाही. दुसऱ्या सत्रात शिमगा येतो. पालखी कोणत्या वाडीतून आधी जाते, कोणत्या घराचा कोणता मान, खांदा कोण देतो, हे सारे गावाच्या रचनेचे चालते-बोलते नकाशे आहेत. पावसाळ्यानंतर रापण सुरू होते. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, दशावताराचे खेळ, देवराई, रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएलांच्या जुन्या वस्त्या, हे विषय कोणत्याही ऋतूत घेता येतात; फक्त पाच पानांत मावेल एवढाच तुकडा घ्यावा. 'कोकणातील लोकसंस्कृती' असे शीर्षक दिलेला अहवाल मी न उघडता परत करतो. 'आमच्या वाडीतील गाऱ्हाण्यात कोणाकोणाचा उल्लेख येतो' या शीर्षकाचा अहवाल उघडतो.

गाऱ्हाण्याचे उदाहरण निघाले म्हणून परवानगीविषयी सांगतो. ग्रामदेवतेसमोरचे गाऱ्हाणे किंवा कौल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर मोबाइल खिशात ठेवून कानांनी ऐकावे. कौल हा पुष्कळदा घराघरांतील तंट्यांचा असतो. अहवालात नावे बदलावीत, आणि वाडी ओळखू येणार असेल तर तीही. आपण गावचेच आहोत म्हणून हे सोपे जाईल असे वाटते, प्रत्यक्षात ते अवघड जाते, कारण लोक आपल्याशी विद्यार्थी म्हणून बोलतात की अमक्याचा नातू म्हणून, हे आपल्यालाही कळत नाही. अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात स्वतःचे त्या वाडीशी नाते काय हे म्हणून लिहावे.

कातकरी वाडीवर अहवाल लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने एका दुपारी जाऊन चार छायाचित्रे घेऊन येणे हे क्षेत्रकार्य नव्हे. मानवशास्त्राचा स्वतःचा इतिहासही येथे स्वच्छ नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी माणसांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली होती, आणि त्या पद्धतीची चिकित्सा घुर्ये यांनी पुढे केली. ज्या पत्रिकेत हा इतिहास शिकवला जातो ती चांगली पत्रिका समजावी. अहवालासाठी मात्र आपले घर, आपली वाडी, आपला बाजार येथूनच सुरुवात करावी.

सातवी पायरी : श्रेयांक जमा झाले का

परीक्षा झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. प्रत्येक विद्यार्थ्याचे शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे एबीसीवर, खाते असावे लागते आणि ते डिजिलॉकरमधून उघडता येते. आधार कार्डावरील नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत फरक असेल, तर खाते जोडताना अडते. कोकणात एकाच माणसाच्या कागदांवर कधी आडनाव गावावरून, कधी कुळावरून लावलेले असते, त्यामुळे ही अडचण येथे नेहमीची आहे. ती प्रवेशाच्या वेळीच दुरुस्त करून घ्यावी. निकाल लागल्यावर गुणपत्रिकेवरील ओईच्या ओळीत तीन गोष्टी पाहाव्यात : विषयाचा संकेतांक आपण निवडलेल्या पत्रिकेचाच आहे का, श्रेयांकांचा आकडा बरोबर आहे का, आणि तो मुख्य विषयाच्या किंवा मायनरच्या रकान्यात तर गेलेला नाही ना. स्वयम् चा अभ्यासक्रम केला असेल तर त्याचे प्रमाणपत्र परीक्षा विभागात देऊन पोच घ्यावी. काही चुकलेले आढळल्यास पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा, आणि ती प्रत अहवालाच्या कच्च्या टिपणवहीसोबत जपून ठेवावी.